वावरात येऊन केलेली ट्रॅक्टरची दुरुस्ती : डिझेलची गळकी जोडणी बदलणाऱ्या मिस्त्रींच्या सेवेविषयी

उन्हाळी नांगरटी जोरात असताना ट्रॅक्टर उभा ठेवणे विदर्भात कोणालाच परवडत नाही. त्यामुळे इंजिनाखाली डिझेलचा ओला डाग दिसला, तरी "एवढे वावर होऊन जाऊ द्या, मग पाहू" असे म्हणत बहुतेक जण मृग लागेपर्यंत काम रेटतात. आमच्याकडे, यवतमाळ-दारव्हा पट्ट्यात, अशा वेळी वावरात येऊन दुरुस्ती करून देणारे काही मिस्त्री आहेत. तालुक्याच्या गावी लहानसे गॅरेज चालवणाऱ्या आणि दुचाकीवर हत्यारांची पेटी बांधून गावोगाव जाणाऱ्या अशाच एका मिस्त्रींनी आमच्या ट्रॅक्टरच्या इंधन नळीची गळकी जोडणी मे महिन्यात बदलून दिली. त्यानंतर खरिपाची पेरणी आणि सोयाबीनची मळणी त्याच जोडणीवर पार पडली असून, आता या सेवेविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. गळती बंद करणे हे एक काम आहे आणि गळती का लागली ते शोधून ते कारण दूर करणे हे दुसरे. या मिस्त्रींनी दोन्ही कामे केली, म्हणून मी त्यांची शिफारस करत आहे.

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, जुन्या पद्धतीच्या इनलाइन पंपाचा आणि दोन डिझेल फिल्टरांचा आहे. टाकीतील डिझेल कॉकमधून फिडर पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाकडे) येते, तेथून पहिल्या आणि दुसऱ्या फिल्टरमधून मुख्य पंपाकडे जाते आणि मुख्य पंप ते जाड पोलादी नळ्यांतून मोठ्या दाबाने नोझलांकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांकडे, पाठवतो. आमची गळती दुसऱ्या फिल्टरकडून मुख्य पंपाकडे येणाऱ्या पाइपच्या पंपाकडील टोकाला होती. या टोकाला पाइपला एक कडी जोडलेली असते, कडीतून आडव्या छिद्रांचा पोकळ बोल्ट पंपात जातो आणि कडीच्या वर व खाली तांब्याचा एकेक वायसर बसतो. गॅरेजात याला बेंजो बोल्ट म्हणतात. दिसायला ही जोडणी अगदी साधी असली, तरी तिचे स्थान महत्त्वाचे आहे. दोन्ही फिल्टर तिच्या आधी संपतात, म्हणून येथे आत गेलेला धुळीचा कण अडवायला पुढे काहीच उरत नाही. मुख्य पंपातील प्लंजर (दाब देणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यामधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी बारीक असते, आणि आपल्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ तिथे पोहोचली तर वायसरच्या दुरुस्तीचे काम पंपाच्या दुरुस्तीवर जाते.

गळतीचे नुकसान लोक डिझेलच्या किमतीवरून मोजतात आणि तेही कमीच धरतात. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो हे लक्षात घेऊनही, चोवीस तासांत दोन लिटरांच्या आसपास डिझेल मातीत जाते. लिटरला ९० रुपयांचा भाव धरला तर हे रोजचे पावणेदोनशे रुपयांवर जाते. मला मात्र त्याहून अधिक काळजी आगीची वाटते. भारतीय मानक आयएस १४६० नुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश सेल्सियस असले म्हणजे पुरे. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतला पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणजे या कमीत कमी मर्यादेच्या जवळ असलेले डिझेल उघड्यावर सांडले तर त्या उन्हात त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. त्यातच भार ओढणाऱ्या इंजिनाचा धुराड्याकडचा भाग डिझेल आपोआप पेटण्याच्या तापमानापेक्षा कितीतरी अधिक तापतो. वावरात पऱ्हाट्या आणि वाळलेले तण पडलेले असते. अशा ठिकाणी गळका ट्रॅक्टर दिवसभर चालवण्यात मोठा धोका आहे, हे प्रत्येक ट्रॅक्टर मालकाने मनावर घ्यायला हवे.

या मिस्त्रींकडे जाण्यापूर्वी हेच काम दुसऱ्या एका ठिकाणी दाखवले होते. तेथे बोल्ट आणखी आवळून त्याच्या आट्यांवर नळकामाची पांढरी टेप गुंडाळून दिली गेली. नांगर पुन्हा वावरात उतरला आणि इंजिन तापले, तशी गळती परत सुरू झाली. या जोडणीत डिझेल रोखण्याचे काम आटे करत नाहीत, वायसर करतो. त्यामुळे आट्यांवर काहीही गुंडाळले तरी उपयोग होत नाही. उलट टेपचे तुटलेले धागे डिझेलबरोबर पंपात आणि नोझलात जाण्याची भीती असते. गळक्या जागी धुण्याचा साबण घासून लावण्याची जुनी युक्ती आपल्याकडे सर्रास वापरतात. वावरातून घरापर्यंत ट्रॅक्टर आणण्यापुरती ती ठीक आहे, कारण साबण डिझेलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. पण तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

मिस्त्री सकाळी ऊन चढण्याआधी आले आणि त्यांनी आल्याबरोबर पाना काढला नाही, ही पहिली गोष्ट मला आवडली. इंजिन रात्रभर थंड झालेले होते. त्यांनी पंपाचा सगळा परिसर ब्रशने आणि डिझेलने धुतला, कापडाने कोरडा केला आणि त्यावर खडूची पूड भुरभुरली. नंतर इंजिन सुरू न करता फिडर पंपावरचा हातपंप मारायला सांगितला. काही क्षणांत पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक काळपट ओली रेघ उमटली. ती बोल्टच्या डोक्याखालून येत नव्हती, पाइप आणि कडीच्या सांध्यातूनही येत नव्हती. कडी आणि खालचा वायसर यांच्यामधून, इंजिनाच्या बाजूने ती बाहेर पडत होती. ओल्या इंजिनावर गळतीची जागा कधीच नीट कळत नाही, कारण डिझेल पंख्याच्या वाऱ्याने आणि हादऱ्याने भलतीकडे पसरते. ही पाच-दहा मिनिटांची तपासणी बहुतेक गॅरेजांत वगळली जाते आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलत बसावे लागते.

टाकी ते फिडर पंप हा भागही त्यांनी तेवढ्याच काळजीने पाहिला. त्या भागात जोडणी ढिली असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, बाहेरून सारे कोरडे दिसते आणि ट्रॅक्टर मात्र सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडतो. आमच्याकडे तसे काही निघाले नाही. परंतु गळती बाहेर दिसत असताना आत ओढल्या जाणाऱ्या हवेचाही विचार करणारा कारागीर मिळणे ही समाधानाची बाब आहे.

कॉक बंद करून, खाली स्वच्छ डबा धरून त्यांनी बोल्ट सोडवला आणि उघडी तोंडे लगेच प्लास्टिकच्या टोपणांनी झाकली. काढलेला खालचा वायसर त्यांनी माझ्या हातात दिला. त्यावर एकात एक न बसणाऱ्या दोन गोल खुणा स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे एकदा दबलेला वायसर पुन्हा वापरून दुसऱ्या जागी दाबला गेला होता. तांबे एकदा दाबले गेले की कठीण होते आणि पुढच्या वेळी पृष्ठभागाच्या बारीक ओरखड्यांत उतरत नाही. नवा वायसर मिळतच नसेल, तर जुना तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून थंड केला की तो पुन्हा मऊ होतो, आणि जाणते मिस्त्री अडचणीच्या वेळी तसे करतातही. येथे मात्र वायसर बदलून भागणार नव्हते. मिस्त्रींनी पेटीतून आरशाचा एक तुकडा काढला, पाइपची कडी त्यावर पालथी ठेवली आणि बोटाने हलकेच दाबली, तेव्हा ती एका बाजूने डुलली. वारंवार जोर लावून आवळल्यामुळे कडीचा पृष्ठभाग सपाट राहिला नव्हता. ओरखडा असता तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून काढता आला असता, पण वाकलेली कडी घासून सरळ होत नाही, असे सांगून त्यांनी दोन्ही टोकांच्या कड्यांसह पूर्ण पाइप बदलायचे ठरवले.

तरीही प्रश्न उरतो की, कडी एवढी आवळण्याची वेळ का आली? याचे उत्तर त्यांना पाइपच्या मध्यभागी मिळाले. तेथे पाइपला इंजिनाशी धरून ठेवणारी क्लिप असायला हवी होती. ती कधीतरी तुटून पडली होती आणि पाइपवर त्या जागी रंग घासला जाऊन चकचकीत पट्टा उमटला होता. आधार गेल्यावर इंजिनाचा सगळा हादरा टोकाच्या जोडणीवर येतो, जोडणी ढिली होते, कोणीतरी ती आवळतो, काही काळ बरे चालते आणि पुन्हा ढिली होते. माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल याच ठिकाणी आहे. नवा पाइप बसवून पैसे घेऊन जाणे त्यांना सहज शक्य होते, आणि काही महिन्यांनी तीच गळती पुन्हा लागली असती तर त्यांना दुसरे कामही मिळाले असते.

सुट्या भागांच्या बाबतीत त्यांचा आग्रह कडक आहे. त्यांनी जुना पाइप नमुना म्हणून तालुक्याला नेला, कंपनीचा पाइप आणला आणि बसवण्यापूर्वी जुन्याशी लांबी, वाक, कडीचे छिद्र आणि जाडी ताडून पाहिली. गावच्या दुकानात मिळणारी जस्ताचा मुलामा दिलेली नळजोडणी ते डिझेलसाठी वापरत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण डिझेलमधील आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन तयार होणारा साका फिल्टर आणि नोझल तुंबवतो. साधी रबरी नळी घालून दोन क्लिपा आवळण्याचा सल्ला आमच्याच घरातून पुढे आला होता. साधे रबर डिझेलने फुगते आणि काही दिवसांत सुटते. नळी घालायचीच तर ती डिझेलसाठी बनवलेली, नायट्राइल रबराचीच हवी, आणि मूळ पोलादी पाइप मिळत असताना तीही नको, असे त्यांनी घरच्यांना शांतपणे समजावून सांगितले.

याच ओघात त्यांनी दाखवलेली एक गोष्ट प्रत्येक ट्रॅक्टर मालकाला माहीत असावी अशी आहे. इनलाइन पंपावर परतीच्या पाइपला लागणारा ओव्हरफ्लो वॉल्व्ह बाहेरून हुबेहूब बेंजो बोल्टसारखा दिसतो, पण त्याच्या आत स्प्रिंग आणि गोळी असते, आणि पंपातील डिझेलचा दाब टिकवण्याचे काम तो करतो. घाईत दोन्ही बोल्ट खोलले आणि अदलाबदल होऊन बसले, तर गळती दिसत नाही, मात्र ट्रॅक्टर भाराखाली दम सोडतो आणि मालक नोझल, फिल्टर, पंप अशा खर्चाच्या मागे लागतो. मिस्त्रींनी तो वॉल्व्ह खोललाच नाही आणि पंपाच्या शिशाच्या सीललाही हात लावला नाही. सीलच्या आतले काम टेस्ट बेंच (पंप तपासण्याचे यंत्र) असलेल्या पंपवाल्याचे आहे, ते वावरात करायचे नसते, ही मर्यादा ते स्वतःहून पाळतात.

नवे वायसर घालून बोल्ट आधी पूर्णपणे हाताने बसवला गेला. आटे हाताने सरळ जात आहेत याची खात्री झाल्यावरच त्यांनी आखूड रिंग पाना घेतला, दुसऱ्या हाताने पाइप फिरू नये म्हणून धरून ठेवला आणि थोडेसे आवळून थांबले. मला ते कमी वाटले, म्हणून मी आणखी एक पीळ देण्यास सुचवले, तेव्हा ते म्हणाले, "पाना जोरानं नाई, अंदाजानं लावा लागते, भाऊ. वायसर दबला पायजे, चेंदला नाई पायजे." क्लिप बसवल्यानंतरच त्यांनी दोन्ही टोके शेवटची आवळली. आधी टोके आवळून मग पाइप ओढून क्लिपेत बसवला असता, तर नव्या जोडणीवर पहिल्या दिवसापासून ताण राहिला असता.

एअर काढण्याचे, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा बाहेर घालवण्याचे, काम घाईने केले जाते आणि त्यातच सेल्फ आणि बॅटरीचे हाल होतात. येथे क्रम नीट पाळला गेला. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत हातपंप मारला, मग दुसऱ्या फिल्टरचा, मग मुख्य पंपाचा. त्यानंतर नोझलांकडचे नट सैल करून सेल्फ थोडा थोडा वेळ आणि मध्ये विश्रांती देत मारला गेला, आणि डिझेल आल्यावर नट एकेक करून आवळले. इंजिन सुरू झाल्यावर ते रेस देऊन चालवले, जोडणीखाली कोऱ्या कागदाची पट्टी धरली आणि ती कोरडी राहिल्याचे मला दाखवले. दिवसभर काम करून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एकदा पाना लावून पाहा, तांबे बसते म्हणून किंचित आवळावे लागू शकते, असेही सांगितले. सांडलेले डिझेल डब्यात धरलेले होते, ते मातीत ओतले गेले नाही.

आता ज्या गोष्टी मला पटल्या नाहीत त्याही सांगायला हव्यात. नोझलांचे नट सैल असताना मिस्त्री उघड्या हातांनी आणि चष्म्याशिवाय काम करत होते. नोझलाकडच्या नळ्यांत दाब दोनशे बारच्याही, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पटींच्याही, पुढे जातो. नट पूर्ण सैल असतो तेव्हा डिझेल नुसते ओघळते, पण अर्धवट आवळलेल्या नटातून किंवा चिरलेल्या नळीतून निघालेली बारीक फवार कातडी भेदून आत शिरू शकते. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण तिला तातडीने शस्त्रक्रिया लागते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. या भागातील गळती हाताने चाचपायची नसते, लांबून पुठ्ठा धरून पाहायची असते. मी त्यांना हातमोज्यांविषयी बोललो. पाना नीट धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. एवढ्या जाणत्या कारागिराने हा धोका पत्करू नये, असे मनापासून वाटते.

दुसरी उणीव बिलाची. कोऱ्या कागदावर "पाइप, वायसर, क्लिप, मजुरी" एवढेच लिहून मिळाले. भागाचा क्रमांक नाही, हमीचा उल्लेख नाही. तोंडी सांगितलेली हमी ते पाळतील याबद्दल मला शंका नाही, परंतु पुढे ट्रॅक्टर विकताना किंवा तोच पाइप पुन्हा मागवताना लेखी नोंद उपयोगी पडते. पाइपच्या पाकिटावरचा क्रमांक मी स्वतः वहीत उतरवून घेतला. आणखी एक अडचण अशी की, पेरणीच्या दिवसांत त्यांच्याकडे रांग लागते आणि पांदण रस्ता चिखलाने बंद झाला की वावरापर्यंत येणे त्यांना शक्य होत नाही. अशा वेळी ट्रॅक्टर डांबरी रस्त्यापर्यंत आणून द्यावा लागतो.

पाइपचे ३८० रुपये, दोन्ही टोकांच्या वायसरांचे ४० रुपये, क्लिपचे ३० रुपये आणि येण्याजाण्यासह मजुरी ४०० रुपये असा एकूण ८५० रुपये खर्च आला. ट्रॅक्टर ट्रॉलीवर चढवून सर्व्हिस सेंटरला नेण्याचे भाडेच याच्या पुढे गेले असते. काढलेला जुना पाइप आणि वायसर त्यांनी न मागता परत दिले, ही पद्धत सर्व गॅरेजांनी उचलण्यासारखी आहे.

ही सेवा प्रत्येक ट्रॅक्टरसाठी योग्य आहे असे मात्र नाही. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच जावे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले असून त्या ट्रॅक्टरांपैकी अनेकांत कॉमन रेल पद्धतीचे (सर्व नोझलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारे) इंजिन आहे. त्यातील दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि नोझलाकडचे नट सैल करून एअर काढण्याची पद्धत तेथे जिवावर बेतू शकते. हे मिस्त्रीही तसे ट्रॅक्टर घेत नाहीत. जुन्या यांत्रिक पंपाचा ट्रॅक्टर असेल तर त्यांना आदल्या संध्याकाळी फोन करावा, ट्रॅक्टरचे मॉडेल आणि वर्ष सांगावे, जमल्यास गळक्या जागेचा फोटो पाठवावा आणि इंजिन रात्रभर थंड राहील असे पाहावे. आधी कोणी त्या जागी टेप किंवा चिकट लेप लावला असेल तर तेही सांगावे, म्हणजे तो खरवडून काढण्याची तयारी करून ते येतात.